रिमॅप केलेल्या पोलो जीटीचे ब्रेक घरी सुधारायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स असलेली. गाडी मी वापरलेली घेतली. कंपनीतून १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर घेऊन निघालेल्या या इंजिनाचे आधीच्या मालकाने रिमॅपिंग (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवणे) करून घेतले होते, शिवाय स्प्रिंगा बदलून गाडी थोडी खाली बसवली होती आणि १६ इंची अलॉय चढवले होते. ब्रेकला मात्र त्याने हात लावलेला दिसत नाही. पुढे एका पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) आणि हवेशीर डिस्क, मागे ड्रम, असे सगळे मूळचेच आहे. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले याची नोंद सर्व्हिस बुकात सापडत नाही.

माझे जाणे-येणे कन्नड घाटाने छत्रपती संभाजीनगरला असते. चढताना गाडी मजेत जाते, काळजी उतरतानाची आहे. गेल्या मे महिन्यात घरची मंडळी आणि सामान घेऊन उतरत असताना वरची वळणे व्यवस्थित गेली, पण पायथ्याकडच्या वळणांवर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा बरेच खोल जाऊ लागले. पायाखाली ते मऊ लागत होते, लागोपाठ दुसऱ्यांदा दाबले की थोडे वर येत होते आणि पुढच्या चाकांकडून जळका वास येत होता. घाट संपल्यावर गाडी बराच वेळ झाडाखाली उभी केली, तेव्हा पेडल पूर्ववत झाले आणि त्यानंतर गावात तसा त्रास जाणवलेला नाही.

एका दुकानदाराने यावर पुढे छिद्रांच्या मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर आणि मागे ड्रम काढून डिस्क, असा पूर्ण संच सुचवला आहे. त्याने सांगितलेल्या किमतीत एक बरी वापरलेली मोटारसायकल येईल. माझ्याकडे अंगणात सिमेंटचा कोबा आहे, पाने-जॅक आहेत आणि पॅड बदलण्याइतपत कामाची सवय आहे. तेव्हा खर्चाचा हा मोठा घास घेण्यापूर्वी घरच्या घरी काय करता येईल, कोणत्या क्रमाने करावे, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाचा या सगळ्यात कितपत वाटा आहे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.


पांझराकर (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदानाचे निम्मे काम झालेच आहे. तापलेले ब्रेक दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी दगा देतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. पेडल टणक राहते, जोर लावूनही गाडी मात्र थांबत नाही, असे झाले तर पॅडचा मसाला त्याच्या मर्यादेपलीकडे तापून त्याचे घर्षण कमी झाले, असे समजावे. पेडलच मऊ होऊन खोल जाऊ लागले, तर कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. गाडी निवली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल वर येते. तुमच्याकडे हेच दुसरे झालेले आहे. जळक्या वासावरून पॅडही बरेच तापले होते हे दिसते, पण मुख्य दोष ऑइलचा आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि जितकी ओल वाढते तितका त्याचा उत्कलनांक खाली येतो. ब्रेक ऑइलचा दर्जा ‘डॉट’ या आकड्याने सांगतात. प्रमाणानुसार नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत, डॉट ४ किमान २३० पर्यंत आणि डॉट ५.१ किमान २६० पर्यंत उकळता कामा नये. परंतु त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. म्हणजे वर्षानुवर्षे न बदललेले डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षाही कितीतरी खालचे ठरते. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, असे जे सांगितले जाते ते यासाठीच.

आता उन्हाबद्दल. खानदेशच्या उन्हाला आपण सगळ्याच बिघाडांचा दोष देतो, पण इथे तो फारसा लागू होत नाही. घाटात तापलेली डिस्क काही शे अंशांवर असते. तिच्याभोवतीची हवा २५ ऐवजी ४५ अंशांची असली तर फरक अवघा २० अंशांचा पडतो. खरा हिशेब उंचीचा आहे. कन्नड घाटाचा उतार मोजणीच्या सोयीसाठी ३०० मीटर धरू. माणसे आणि सामान मिळून गाडी १४०० किलोची असेल, तर ३०० मीटर खाली येताना सुमारे ४१ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायला सुमारे ५.४ लाख ज्यूल लागतात. म्हणजे घाट केवळ ब्रेकवर उतरणे हे १०० च्या वेगावरून लागोपाठ साडेसात वेळा कचकचून थांबण्यासारखे आहे, आणि वजन कमी-जास्त झाले तरी हे गुणोत्तर तेच राहते, कारण दोन्ही बाजूंना वजन सारखेच येते. दोन्ही पुढच्या डिस्क मिळून १० किलो लोखंड आहे आणि तीन-चतुर्थांश काम पुढचे ब्रेक करतात असे मानले, तर १०० वरून एकदा थांबताना डिस्कचे तापमान ८५–९० अंशांनी चढते. वाटेत हवा लागून ती निवते म्हणून साडेसात पट आकडा गाठला जात नाही. मात्र गाडी खाली बसवलेली असली, चाकाचे आरे भरीव असले आणि वेग कमी असला तर हवाही कमीच लागते.

यातली बरीच ऊर्जा इंजिनाकडून जिरवून घेता येते आणि त्याला एक पैसा पडत नाही. डीएसजी ‘डी’मध्ये ठेवून उतरलात, तर पेट्रोल वाचवण्याच्या हिशेबाने ती वरचा गिअर धरते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. उतार सुरू होण्याआधीच लिव्हर मॅन्युअलकडे घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवावा, वेग वाढला की थोडा वेळ ठाम ब्रेक मारून तो उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा. पेडलवर पाय टेकवून सबंध घाट उतरणे हे डिस्कला श्वास न घेऊ देण्यासारखे आहे. न्यूट्रल करून, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करून उतरणारेही आपल्याकडे कमी नाहीत; इंजिन बंद झाले की ब्रेक बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवून देणाऱ्या डब्यात) साठलेली निर्वात दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच पुरते आणि त्यानंतर पेडल दगडासारखे होते.

तेव्हा माझे मत असे की, आधी ऑइल बदला, मग चांगले पॅड घाला, टायर तपासा, आणि त्यानंतर तोच घाट तेवढाच भार घेऊन उतरून पाहा. मोठ्या संचाचा विचार त्यापुढचा.


वाघूर (भुसावळ)

पांझराकरांच्या निदानाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून थेट घरच्या कामाकडे वळतो.

जागा सपाट आणि टणक हवी. तुमचा कोबा उत्तम. उन्हाळ्यात डांबरावर हे काम करू नका, कारण दुपारी मऊ झालेल्या डांबरात जॅक स्टँडचे पाय रुततात आणि गाडी हळूहळू कलते. गाडी ‘पी’मध्ये घालून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचर लावावी. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. उचललेली गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली हात घालू नये. ती कंपनीने नेमून दिलेल्या जागीच स्टँडवर टेकवावी आणि काढलेले चाक आडवे करून दारांखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवावे.

चाक निघाल्यावर लगेच पॅड काढू नका, आधी पाहा. दोन्ही बाजूंच्या पॅडचा मसाला सारखा झिजला आहे का, आणि एकाच कॅलिपरमधला आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ झाला आहे का? तसे असेल तर कॅलिपर त्याच्या पिनांवर मोकळा सरकत नाही, आणि मग बाजारातला सर्वांत महाग पॅड घातला तरी तो एकाच अंगाने तापणार. डिस्कची जाडी तिच्या कडेला उरलेल्या काठावर मोजू नये. व्हर्नियरची टोके त्या काठावर टेकतात आणि जाडी जास्त दिसते. मायक्रोमीटर आत, घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावर चार-पाच ठिकाणी लावावा. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याच्या जवळ पोहोचलेली डिस्क बदलावी, कारण लोखंड कमी झाले की उष्णता साठवण्याची जागाही तितकीच कमी होते.

या गाडीला पुढच्या कॅलिपरच्या पिनांसाठी सात एमएमची अॅलन की लागते. पिनांवर रबरी टोप्या असतात, त्या काढल्याशिवाय की बसत नाही. खाचेतली माती टोकदार तारेने पूर्ण खरवडून काढा, मगच की हातोडीने हलके ठोकून तळापर्यंत बसवा. अर्धवट बसलेल्या कीने जोर लावला की खाच गोल होते आणि पुढचा सगळा दिवस त्यातच जातो. सुटलेला कॅलिपर होसवर (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला टांगा. पिना पुसून मोकळ्या सरकतात का हे बघा. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये त्या कोरड्या बसवायला सांगितल्या असतील तर कोरड्याच, आणि ग्रीस सांगितले असेल तर ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीसच वापरा. बेअरिंगचे साधे ग्रीस लागले की रबर फुगते आणि सैल पिनही अडकू लागते. ब्रेकची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्या.

पिस्टन मागे ढकलताना इंजिनाच्या खोलीतल्या डबीतले ऑइल वर चढते. डबी काठोकाठ भरली असेल तर ते सांडते आणि रंग उडतो, म्हणून ढकलण्याआधी थोडे ऑइल पिचकारीने काढून ठेवा. ते जुनेच आहे, परत घालायचे नाही. पिस्टन वाकडा न करता सावकाश ढकलावा. त्याच्याभोवतीचे रबरी बूट फाटलेले दिसले तर तिथेच थांबून कॅलिपरचा सीलसंच मागवा. डिस्क बदलत असाल तर हबवरचा गंज तारेच्या ब्रशने स्वच्छ घासून काढा. गंजाचा एखादा पापुद्रा मध्ये राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही महिन्यांत पेडल थरथरू लागते. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तोही क्लीनरने पुसल्याशिवाय पॅड लावू नये.

पॅड घेताना रंग आणि खोक्यावरची शर्यतीची चित्रे पाहू नका. पुष्कळ पॅडच्या कडेला किंवा पाठीवर दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर सामान्य तापमानातल्या आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतल्या घर्षणाचे असते. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. आपल्या वापराला दोन्ही अक्षरे एफ किंवा जी असलेला, रस्त्यासाठी बनवलेला पॅड पुरेसा आहे. ट्रॅकचा पॅड घालण्याचा मोह टाळा. तो थंड असताना नीट पकडत नाही, आणि सकाळी घराबाहेर पडताना चौकात अचानक पोर आडवे आले तर तुमचा ब्रेक थंडच असणार आहे.

ऑइलबाबत: तुमच्या गाडीत ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आहे, म्हणून कमी दाटपणाचे डॉट ४ घ्यावे, ते थंडीतही एबीएसच्या (ब्रेक मारताना चाके बांधली जाऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक झडपांतून सहज वाहते. डॉट ५.१ त्यात चालते. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचे असते आणि आकडा जवळचा दिसला तरी ते या गाडीत घालायचे नाही. पूर्ण बदलायला एक लिटर पुरते. डबा सीलबंद घ्या आणि उरलेले ऑइल पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

हवा काढायला घरातले दुसरे माणूस पेडलवर बसवा. प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, म्हणजे निपल, असतो. त्यावर पारदर्शक नळी घट्ट बसवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवा. पेडल सावकाश दाबले की निपल अर्धा आटा उघडायचा, पेडल खाली पोहोचले की आधी निपल बंद करायचा आणि त्यानंतरच पाय उचलायला सांगायचे. हा क्रम उलटला की नळीतून हवा आत खेचली जाते. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा, म्हणजे ते पार जमिनीला टेकणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या नळकांड्यात) पिस्टन रोज जिथपर्यंत जात नाही त्या भागात गंज आणि गाळ असतो आणि तिथे सील घासले गेले की ते फाटू शकते. चाकांचा क्रम वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे ठेवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डबीतली पातळी एकदाही तळाला जाऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती घरच्या पद्धतीने पूर्ण निघेल याची खात्री नसते आणि स्कॅनर लावून पंप चालवून घ्यावा लागतो. नळीतून आधी चहाच्या रंगाचे आणि मग मधासारखे स्वच्छ ऑइल येऊ लागले की ते चाक झाले.

चाके बसवून बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला आवळा. त्यानंतर गाडी हलवण्यापूर्वी पेडल टणक होईपर्यंत जागेवरच दाबत राहा, कारण मागे ढकललेले पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेले नसतात. पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक शून्य असतो.


कापूस टर्बो (पारोळा)

वरील दोघांच्या लिखाणात स्टीलच्या जाळीच्या होसचा उल्लेख राहून गेला, म्हणून लिहितो. जुने रबरी होस दाबाखाली किंचित फुगतात आणि तेवढा पेडलचा प्रवास वाया जातो. स्टीलच्या जाळीचे होस घातले की पेडल आखूड आणि ठाम होते. ऑइल बदलायचेच आहे तर त्याच वेळी हे काम करून घ्यावे, असे माझे मत आहे. फक्त बँजो बोल्टचे (होस कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) दोन्ही तांब्याचे वायसर नवे घाला आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून होस कुठे ताणत किंवा टायरला घासत नाही ना, हे पाहा. तुमची गाडी खाली बसवलेली असल्यामुळे ही तपासणी चाके टेकलेली असताना आणि लोंबती असताना अशी दोन्ही वेळा करायला हवी.

छिद्रांच्या डिस्कबद्दल मात्र दुकानदाराचे ऐकू नका. छिद्रे पाडली की लोखंड कमी होते, आणि वारंवार तापणे-निवणे झाले की छिद्रांच्या कडांपासून बारीक तडे निघू लागतात. साधी, चांगल्या प्रतीची हवेशीर डिस्क घाटासाठी अधिक भरवशाची आहे.


वाघूर (भुसावळ)

होसचा मुद्दा बरोबर आहे, परंतु मी त्याला इतके वरचे स्थान देणार नाही. होसने पेडलची जाणीव सुधारते. उकळलेल्या ऑइलवर तो उपाय नाही आणि थांबण्याचे अंतर त्याने घटत नाही. शिवाय जाळीखालची नळी कुठे खराब होत असेल तर ती बाहेरून दिसत नाही, तर रबरी होसला पडलेली चीर निदान डोळ्याला दिसते. खुणा आणि प्रमाणपत्र नसलेले स्वस्त होस घेण्यापेक्षा कंपनीचे नवे रबरी होस घालावेत.


गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पुढची चाके काढून पाहिली. डिस्क कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा अजून बऱ्यापैकी जाड आहेत आणि त्यांना तडे नाहीत. डाव्या कॅलिपरमधला आतला पॅड बाहेरच्याच्या जवळपास निम्मा उरला आहे आणि त्या बाजूची खालची पिन हाताने हलत नव्हती. उजवीकडे सगळे ठीक दिसते. डबीतले ऑइल गडद तपकिरी आहे. नवे पॅड, ऑइल आणि पिनांचा संच मागवला आहे. होस सध्या मूळचेच ठेवतो.

आता दोन शंका उरल्या. मागच्या ड्रमचे काय करावे? आणि पुढेमागे गाडीची ताकद आणखी वाढवली, तर फोक्सवॅगन-स्कोडा गटातल्या एखाद्या मोठ्या गाडीचे कॅलिपर आणि डिस्क घालणे दुकानदाराच्या संचापेक्षा बरे पडेल का?


सातपुडा उतार (शहादा)

आमची नेहमीची वाट तोरणमाळची आहे. ते हजार मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे तिथून उतरताना ब्रेकची परीक्षा कन्नड घाटापेक्षा लांबलचक होते, म्हणून या विषयात थोडे लक्ष घातले आहे.

अडकलेली पिन सापडली हे उत्तम झाले. ती बाजू सतत घासत होती, म्हणजे तिथले ऑइल सर्वांत आधी उकळणार हे उघडच होते. माझ्या अंदाजाने तुमचा निम्मा प्रश्न त्या एका पिनेत होता आणि कोणताही मोठा संच विकणाऱ्याने ती पाहिली नसती.

मागच्या ड्रमना नावे ठेवण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. जोरात ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे जाते आणि मागची चाके हलकी होतात. त्यांना फार जोराचा ब्रेक पेलवतही नाही. ड्रम उघडून धूळ साफ करावी, लायनर किती उरले ते पाहावे, व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल नाही ना, हे बोट लावून बघावे आणि ड्रमच्या आत झिजेचा काठ झाला असेल तर ड्रम बदलावा. या कामाला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पाचरी पुढच्या चाकांना लावायला विसरू नका. ड्रमच्या जागी डिस्क आणणे म्हणजे स्टब अॅक्सल (चाक ज्यावर बसते तो दांडा), हँडब्रेकच्या केबली आणि कॅलिपर हे सगळे बदलणे, आणि इतके करून एबीएस व ईबीडीचा (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणाऱ्या यंत्रणेचा) हिशेब जुन्या ड्रमचाच राहतो. २०१५ ची अबार्थ पुन्टो, २०१७ ची बलेनो आरएस किंवा २०२१ ची आय२० एन लाइन या गाड्यांना चारही डिस्क कंपनीतून मिळाल्या, पण तिथे मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि एबीएस यांचा मेळ कंपनीने बसवलेला आहे. आपण अंगणात तो मेळ बसवू शकत नाही.

मोठ्या गाडीच्या डिस्कबाबत पहिली अडचण साधी आहे: पोलोच्या हबवर पाच बोल्ट १०० एमएमच्या वर्तुळावर आहेत आणि ऑक्टाव्हिया, लॉरा, जेटा यांच्या हबवर ते ११२ एमएमच्या वर्तुळावर आहेत. त्यामुळे तिकडची डिस्क इकडे सरळ बसत नाही, आणि खराद्याकडून भोके पाडून घेतलेली डिस्क माझ्या ओळखीच्या माणसाच्या गाडीलाही मी बसू देणार नाही. दुसरी अडचण दाबाची आहे. कॅलिपरच्या पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ वाढले आणि मास्टर सिलिंडर तोच राहिला, तर पिस्टन तेवढेच पुढे सरकवायला जास्त ऑइल लागते आणि पेडल लांबते. तिसरी अडचण समतोलाची. पुढचा ब्रेक एकट्याचा वाढवला की पुढची चाके आधी बांधली जातात, एबीएस लवकर जागे होते आणि मागच्या टायरची पकड वापरलीच जात नाही. इतका खर्च करून थांबण्याचे अंतर लांबल्याची तक्रार ऐकू येते ती अशाने.

तशीही एक चाचणी करून घ्या. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी ६० वरून पेडल पूर्ण दाबा. एबीएसची धडधड पायाला जाणवली तर तुमच्या ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आताच जास्त आहे आणि पहिल्या थांबण्याचे अंतर मोठ्या डिस्कने कमी होणार नाही. मोठ्या डिस्कचा फायदा उरतो तो लागोपाठच्या ब्रेकिंगमध्ये उष्णता साठवण्यापुरता. अंतर कमी करायचे असेल तर टायर पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पांझराकरांनी उन्हाला ब्रेकच्या बाबतीत निर्दोष ठरवले ते योग्यच आहे, परंतु टायरच्या बाबतीत मी ते मान्य करणार नाही. वर्षानुवर्षे आपल्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर नक्षी शाबूत असूनही कडक होते. माझ्याकडे खर्चाला एकच रक्कम असती, तर ती मी टायरवर घातली असती.

एक शब्द कायद्याबद्दल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच मापाचे पॅड, डिस्क, ऑइल बदलणे ही दुरुस्ती आहे, तिला अडचण नाही. रिमॅप मात्र विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघाताच्या दाव्याच्या वेळी तो मुद्दा पुढे येऊ शकतो. आधीच्या मालकाने काय कळवले होते, हे कागदपत्रांत पाहून घ्या.


कापूस टर्बो (पारोळा)

सातपुडा भाऊंचे बोल्टच्या वर्तुळाबाबतचे म्हणणे खरे आहे, तरीही १०० एमएमच्याच वर्तुळाची थोडी मोठी डिस्क, योग्य ब्रॅकेट आणि त्याच पिस्टन-मापाचे कॅलिपर मिळाले तर तो मार्ग मी बंद मानणार नाही. त्यात पेडलचा प्रवास बदलत नाही आणि लोखंड वाढते. अट एवढीच की अलॉयच्या आतून किती जागा आहे, हे आधी पुठ्ठ्याचा साचा कापून तपासावे. वजन जमवण्याच्या शिशाच्या पट्ट्या रिमच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या असतात. कॅलिपर त्यांनाच घासतो आणि माणूस आवाज कुठून येतो ते शोधत बसतो.


सातपुडा उतार (शहादा)

त्याच पिस्टन-मापाची अट पाळली तर माझा विरोध निम्म्याने कमी होतो. पुढच्या-मागच्या समतोलाचा मुद्दा मात्र तसाच राहतो, कारण डिस्कचा व्यास वाढला की पुढची पकड वाढतेच.


वाघूर (भुसावळ)

पॅड बसवण्याआधी एक राहिलेली गोष्ट. नवे पॅड चढवून थेट घाटात जाऊ नका. पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळवावे लागतात. पहाटे धुळे–जळगाव महामार्गाचा मोकळा पट्टा बघा. दिवसा केळीचे आणि कापसाचे ट्रक असताना हे काम करू नये. ताशी ६५–७० वरून २० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवावा, पूर्ण थांबू नये, पुन्हा वेग घ्यावा, असे आठ-दहा वेळा करावे. वास आला तर घाबरू नका. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी चालवत निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभे राहिलात, तर पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरते. मेकॅनिक त्याला डिस्क वाकली म्हणतात, पण पुष्कळदा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर चिकटलेल्या थराची जाडी कमी-जास्त असते. याच कारणाने महामार्गावरून येऊन लगेच वॉशिंग सेंटरवर चाकांवर पाण्याचा झोत मारून घेऊ नका. गरम लोखंडावर पडलेल्या गार पाण्याने डिस्क खरोखरच वेडीवाकडी होऊ शकते.

परत आल्यावर गाडी निवली की डबीतली पातळी पाहा, आणि चारही निपलांच्या बुडाशी कोरडा पांढरा कागद टेकवून बघा. कागद ओला झाला तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका. निपल पुन्हा आवळून पेडल जोराने दाबून धरा आणि तरीही ओल आली तर निपल बदला.


पांझराकर (धुळे)

बूस्टरकडे जाणारा निर्वात होस आणि त्याची एकमार्गी झडप तेवढी पाहून घ्या. रिमॅप केलेल्या गाडीत आधीच्या मालकाने इनटेकच्या आसपास काम केले असेल तर तो होस हलवला गेलेला असू शकतो. इंजिन बंद करून पेडल टणक होईपर्यंत दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर पॅड चढवण्याआधी तो होस तपासा.


गिरणाकाठ (चाळीसगाव)

पेडल खाली गेले, बूस्टर ठीक आहे. टायरवरचा आकडा मात्र ४११६ निघाला, म्हणजे २०१६ चा एकेचाळिसावा आठवडा. चारही टायर आधी बदलतो. दुकानदाराला संच नको म्हणून कळवले आहे.